रघुपतीरावांच्या गाडीचा आवाज

तंजावूरच्या राजवाड्यामागे मराठी घरांची जी गल्ली आहे, तिथे रघुपतीरावांचा कान ही अख्ख्या गल्लीची मालमत्ता होती. कुणाचा तंबोरा बिघडला, की तो ऑटोत आडवा घालून त्यांच्या ओट्यावर येऊन पडायचा. कुणाच्या मुलाला गाणं शिकवायचं की नाही, तेही तेच ठरवायचे. मूल एक षड्ज लावायचं, रघुपतीराव डोळे मिटून ऐकायचे आणि मग आईला सांगायचे, "उद्यांपासून पाठवा," नाहीतर, "याला गणित चांगलें जमेल हो." तिरुवैयारूला पोरांना गाणं शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. नोकरीतून निवृत्त झाले तरी कान काही निवृत्त झाला नव्हता, आणि होऊ द्यायची त्यांची तयारीही नव्हती. त्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. गर्व करण्यासारखं दुसरं फारसं काही त्यांच्याकडे नव्हतंच म्हणा.

या कानाचा खरा मान रामनवमीला. गल्लीच्या टोकाशी भजनमठ आहे. तिथे नवमीपर्यंत रोज संध्याकाळी अभंग होतात. अभंग मराठी, पण वह्यांत लिहिलेले तमिळ लिपीत, कारण देवनागरी वाचणारं आता गल्लीत शोधावं लागतं. मठाचा फणसाच्या लाकडाचा जुना तंबोरा उत्सवाआधी रघुपतीरावांच्या घरी येतो आणि ते त्याची जीवाळी लावून देतात. महाराष्ट्रात जिला जवारी म्हणतात, तीच ही. घोडीवर प्रत्येक तारेखाली एक सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकवला की तारेचा आवाज उलगडतो, झंकारायला लागतो. कमी सरकला तर तार मुकी राहते, जास्त सरकला तर करकरते. दोरा कुठे थांबवायचा हे हाताला कळत नाही, कानालाच कळतं. रघुपतीराव घरात असताना त्या दोऱ्याला बोट लावायची कुणाची छाती नव्हती.

आता गाडीचं सांगायला हवं, कारण घोळ तिथून सुरू झाला.

रघुपतीरावांची पांढरी गाडी जुनी होती, पण निगा राखलेली. पोंगलच्या दिवसांत तिरुवैयारूच्या रस्त्यावर ती भात कापायच्या यंत्राला मागून जाऊन टेकली. टेकली म्हणजे टेकलीच, एक दिवा फुटला तेवढंच. पण बातमी चेन्नईला मुलापर्यंत पोचली. सतीशकुमारला गाड्यांचं भारी वेड. त्याने फोनवर सांगून टाकलं, "अप्पा, गाडी सोडा, नाहीतर मी म्हणतों ते ब्रेक लावून घ्या." रघुपतीराव गाडी सोडणार नव्हतेच. मग मुलगा स्वतः येऊन गाडी चेन्नईला घेऊन गेला आणि परत आणली तेव्हा पुढच्या चाकांच्या आऱ्यांतून भोकं पाडलेल्या थाळीएवढ्या डिस्क चमकत होत्या आणि त्यांवर डिस्कला चिमट्यासारखे पकडणारे लालभडक कॅलिपर बसले होते. म्हाताऱ्याच्या तोंडात नवी कवळी दिसावी तशी ती गाडी दिसत होती.

नव्या ब्रेकची रीतसर पूजा झाली. चाकांखाली लिंबं चिरडली, कापूर लावला, नारळ फोडला. गाडीला दर शुक्रवारी गंध लावायचं हा रघुपतीरावांचा नेम होता, आणि आतापर्यंत ते चाकाच्या मधल्या टोपणाला लावत. पण नवी डिस्क बघून त्यांना वाटलं, गाडी थांबते ती हिच्यामुळे, तर मान हिचा. त्यांनी आऱ्यांतून दोन बोटं आत घातली आणि डिस्कवर चांगलं जाडसर गंध फासलं, वर कुंकू. गाडी गल्लीच्या तोंडाशी राजवाड्याच्या भिंतीला अगदी चिकटून उभी असायची, त्यामुळे डाव्या चाकापर्यंत हात पोचत नसे. म्हणून डावीचंही गंध ते उजवीलाच लावत. देव काही मोजमाप करत नाही, असं त्यांचं मत होतं.

पहिल्यांदा बोलली ती महालक्ष्मी, त्यांची बायको. दोघं तिरुवैयारूला निघाली होती. कावेरीच्या पुलाअलीकडे म्हशी आडव्या आल्या, रघुपतीरावांनी ब्रेक दाबला आणि शेजारी बसलेल्या महालक्ष्मीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"अय्यो, काय आवाज हा!"

"कसला आवाज?" रघुपतीरावांनी विचारलं.

तिने कानांवरचे हात काढले आणि नवऱ्याकडे क्षणभर बघितलं. मग पदर सारखा करत म्हणाली, "कांही नाहीं हो. मागच्या बसवाल्यानें हॉर्न मारला."

रघुपतीरावांनी आरशात पाहिलं. मागे बस नव्हती. पण हॉर्नचं नाव निघाल्यावर त्यांना बोलायला विषय मिळाला आणि म्हशींचा विसर पडला. हॉर्न हा बेसूर माणसांचा धंदा, असं ते नेहमी म्हणत. ही गाडी घेतल्यापासून त्यांनी हॉर्न वाजवला नव्हता. गल्लीत ऑटोवाल्याने वाजवला तर ओट्यावरून उठून त्याला सुनावत.

पण तमिळनाडूत महालक्ष्मीसारखी माणसं सगळीच नसतात. समोरच्या ओट्यावर दिवसभर पेपर वाचणारा तुळजाराम हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याने दुसऱ्याच दिवशी हटकलं, "रघु, गाडीला काय धरलें? थांबतांना काय किंचाळतें ती!" मग भाजीवाली म्हणाली. मग कोपऱ्यावर शाळेच्या व्हॅनची वाट बघणारी पोरं रघुपतीरावांची गाडी वळताना दिसली, की आधीच कानांत बोटं घालून तयार राहू लागली. रघुपतीरावांना प्रथम वाटलं, लोकांना लाल कॅलिपर बघवत नाहीत. असतात काही माणसं अशी. नंतर त्यांनी ठरवलं, गल्लीने मिळून आपली फिरकी घ्यायचा कट केलाय आणि त्याचा म्होरक्या तुळजाराम आहे. तिसरी शक्यता त्यांनी बराच काळ मनात येऊच दिली नाही.

ती आली तेव्हा ते गाडीतच होते. दुपारी रस्ता मोकळा बघून त्यांनी सगळ्या काचा खाली केल्या, राजवाड्याच्या भिंतीलगत गाडी हळू नेली आणि ब्रेक दाबला. भिंतीवरून आवाज परत येतो, तेव्हा असेल तर ऐकू येणारच. त्यांना टायरखालची खडी ऐकू आली. पिंपळावरचा कावळा ऐकू आला. कुणाच्या तरी घरी मिक्सर चालला होता, तोही. भिंतीच्या सावलीत झोपलेलं एक कुत्रं मात्र उठलं, गाडीकडे रागाने बघितलं आणि पलीकडे जाऊन पडलं. रघुपतीरावांनी पुन्हा गाडी मागे घेतली, पुन्हा ब्रेक दाबला. कुत्रं पुन्हा उठलं. रघुपतीरावांनी इंजिन बंद केलं. कुत्र्याला फिरकी घेता येत नाही.

घरी येऊन त्यांनी महालक्ष्मीला समोर बसवलं. "तूं गातेस. तुझा कान माझ्या हाताखालीं तयार झालाय. खरें सांग, ब्रेक वाजतो का?"

"छे," ती भाजी निवडताना वरही न बघता म्हणाली. "मला तरी कांही ऐकूं येत नाहीं."

"मग हे अस्के, सगळे लोक?"

"लोकांना काय! वाजला तर वाजूं दे की. कुठे बिघडलें?"

रघुपतीरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या दिवशी रसम दोनदा मागून घेतलं. बायकोच्या कानावर त्यांचा विश्वास होता, कारण तो त्यांनीच घडवला होता. तिला ऐकू येत नाही म्हणजे आवाज नाहीच. संध्याकाळी मात्र सतीशकुमारचा फोन आला आणि त्याने सहज सांगून टाकलं, "अप्पा, असल्या ब्रेकला थोडा आवाज असतोच. फार असेल तर सुरेंद्रला दाखवा." असतोच म्हणजे? रघुपतीरावांनी फोन ठेवला. आता त्यांना एवढंच हवं होतं, की तो आवाज कसा का असेना, एकदा आपल्या कानावर पडावा. इतर माणसं ब्रेकचा आवाज जावा म्हणून गॅरेजात जातात. हे निघाले होते तो ऐकायला.

उत्सव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मठाचा तंबोरा घरी आला. सकाळीच त्यांनी जीवाळी लावली. या वर्षी महालक्ष्मीऐवजी तंबोऱ्यावर विनुता बसणार होती. कॉलेजात जाणारी, त्यांच्याकडे शिकणारी शांत मुलगी. सकाळी ती तारा ऐकून गेली होती; तिला संध्याकाळी सरावाला यायला सांगितलं, आणि ते गाडी घेऊन नांजिकोट्टै रस्त्यावर सुरेंद्रच्या गॅरेजकडे गेले.

सुरेंद्र हाही गल्लीतलाच. सात वर्षांचा असताना त्याच्या आईने त्याला गाण्यासाठी रघुपतीरावांकडे आणलं होतं आणि त्यांनी एक स्वर ऐकून सांगितलं होतं, "याला मोटारींचें काम शिकवा." सुरेंद्र ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचा. त्याने गाडी आत घेतली, चाकं काढायच्या आधी जरा पुढेमागे करून पाहिली आणि म्हणाला, "वाजतें खरें. डिस्कमागच्या पत्र्यांत खडा अडकला असेल." चाकं न काढताच गाडीखाली शिरून पाहिलं, खडा नव्हता. मग त्याला वाटलं, डिस्कवर घासणाऱ्या पॅडच्या पाठीमागची पातळ पट्टी, जिला तो शिम म्हणत होता, ती बसवायची राहिली असेल. ती जागेवर होती. मग त्याने पिनांना ग्रीस लावलं आणि गाडी एकदा रस्त्यावर फिरवून आणली. परत आला तो मान हलवतच.

"सर, असें करूं," तो म्हणाला. "कुठलें चाक वाजतें तें कळलें की अर्धें काम झालें. मला तेवढा कान नाहीं, तें तुम्हींच सांगितलेलें आहे." तो हसला. "मी गाडी चालवतों. तुम्ही त्या टी कडेपाशीं उभे राहा आणि सांगा, डावें कीं उजवें."

त्याने हे मनापासून आदराने सांगितलं होतं. गावातला सगळ्यात चांगला कान समोर उभा असताना दुसरं कुणाला विचारणार? रघुपतीराव चहाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले. ऊन चढलं होतं. गाडी लांबून आली, वेग उतरला आणि त्यांच्यासमोर थांबली.

टपरीवाल्याने तोंड वाकडं केलं. स्कूटरवरून चाललेल्या बाईने वळून पाहिलं. रघुपतीरावांना ग्लासात फिरणारा चमचा ऐकू आला, दूध उकळल्याचा आवाज आला, सुरेंद्रने हँडब्रेक ओढला तोसुद्धा आला. तेवढं एक सोडून सगळं आलं.

"काय सर?" सुरेंद्रने खिडकीतून विचारलं.

"पुन्हां ये."

दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटले. आयुष्यभर ते असंच ऐकत आले होते. डोळे मिटले, मान जराशी खाली घातली आणि कानांत सगळा जीव आणला. ते वाट बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, तर गाडी केव्हाच येऊन थांबली होती आणि सुरेंद्र त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"डावें," रघुपतीराव म्हणाले.

"नक्की ना सर?"

"माझ्या कानाला विचारतोस?"

सुरेंद्रने मुकाट्याने गाडी आत नेली आणि डावं चाक काढलं. रघुपतीराव जवळ जाऊन उभे होते. डिस्क स्वच्छ होती, पॅड स्वच्छ होते, काही म्हणजे काही नव्हतं. सुरेंद्रने ते पॅड उगाच उलटेसुलटे करून पाहिले. मग तो उजवीकडे गेला. तिथलं चाक निघालं आणि तो एकदम थांबला. डिस्कवर पिवळट तपकिरी थर भाजून बसला होता, त्यात लाल रेघा. पॅडचं तोंड घासून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. त्याने नखाने थर खरवडून नाकाशी नेला.

"सर, हें चंदन आहे."

"शुक्रवारचें गंध," रघुपतीराव म्हणाले.

सुरेंद्रला हसू फुटलं होतं, पण त्याने ते गिळलं. डिस्कवर तेल, ग्रीस, काहीही लागलं की पॅड बिघडतो आणि ओरडतो, हे त्याने अगदी गोडीने समजावून सांगितलं. गंध लावायचं तर बाहेर रिमला लावा, देवाला चालेल. रघुपतीराव मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. वाजत होतं ते उजवं चाक. ते डावं म्हणाले होते.

सुरेंद्रच्याही ते लक्षात होतंच. हात पुसत तो म्हणाला, "तुम्हीं म्हणालांत तें खोटें नाहीं सर. डाव्यालाही थोडें होतें. दोन्ही साफ करतों."

डाव्याला काही नव्हतं, हे रघुपतीरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सुरेंद्रला ते माहीत होतं आणि रघुपतीरावांना माहीत आहे हेही माहीत होतं, तरी तो इतक्या सहज बोलला की जणू ती बोलायची रीतच आहे. रघुपतीराव तिथल्या स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटली आणि लाजेच्या मागोमाग भीती. सुरेंद्र मला सांभाळून घेतो, तर महालक्ष्मी काय करत असेल? मागे नसलेली बस, भाजी निवडताना वर न उचललेली मान, वाजला तर वाजू दे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना खोटं सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आता एका ब्रेकपायी तिने ते सांगितलं होतं.

पॅड घासून, डिस्क धुऊन सुरेंद्रने चाकं बसवली आणि म्हणाला, "अजून एक काम आहे. घासलेले पॅड एकदां चांगले तापवावे लागतात, मगच डिस्कवर बसतात. तुम्ही गाडी सायकलसारखी चालवतां, ते तापणार कधीं? चला बायपासला. तुम्हींच चालवा."

बायपासवर दुपारी वर्दळ नव्हती. सुरेंद्र सांगेल तसं रघुपतीराव गाडी जोरात पळवत आणि कचकन ब्रेक दाबून वेग उतरवत, पूर्ण न थांबता पुन्हा पळवत. असं त्यांनी जन्मात चालवलं नव्हतं. पहिल्या खेपेला पाय कचरला, पुढे मात्र त्यांना जोर चढला. ते रागाने ब्रेक दाबत होते; गाडीवरच्या की कुणावरच्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. करपल्याचा वास आला. सुरेंद्रने डोकं खिडकीबाहेर काढलं होतं. आणखी काही खेपा झाल्या आणि तो आनंदाने ओरडला, "गेला सर! ऐका, एकदम शांत!"

"हो," रघुपतीराव म्हणाले, "गेला."

त्यांच्यापुरतं आधीही शांत होतं आणि आताही तितकंच शांत होतं.

सुरेंद्रला गॅरेजात सोडून ते संध्याकाळी घरी निघाले. गल्लीच्या तोंडाशी भिंतीला लागून गाडी उभी केली. तुळजाराम त्याच्या ओट्यावर पेपर वाचत होता, त्याने मान वर केली नाही. एरवी ब्रेक दाबला की त्याचा पेपर खाली यायचा. रघुपतीराव चालत घराशी आले. चपला काढल्या आणि आतून तंबोऱ्याची तार ऐकू आली, म्हणून तिथेच थांबले. ओट्यावरच्या खिडकीतून आतलं दिसत होतं.

महालक्ष्मी तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसली होती. विनुता शेजारी वाकून बघत होती. महालक्ष्मीचं बोट घोडीवरच्या दोऱ्यावर होतं.

"बघ, ते इथे ठेवतात," ती सांगत होती. "आपण एवढा मागे घ्यायचा. फार नाहीं. ऐक आतां." तिने तार छेडली.

"आतां बरी वाटतें मामी," विनुता म्हणाली. "सकाळीं फार करकरत होती. कानाला टोचत होती."

बाहेर उभ्या असलेल्या रघुपतीरावांना ती तार मुकी वाटली. सकाळी ती झंकारत होती, त्यांनी स्वतः डोळे मिटून ऐकलं होतं. आता तिच्यात काही नव्हतं. त्या मुलीला मात्र ती बरी वाटत होती, आणि मुलीचा कान चांगला होता. त्यांनीच तिला घेतली होती.

"अस्क्या तारांना असेंच करायचें," महालक्ष्मी म्हणाली. "पण ते यायच्या आधीं दोरा परत त्यांच्या जागीं. ते येऊन एकदां छेडून बघतात. मठांत बसल्यावर मग पुन्हां आपला सरकवायचा, आरती चालू असते तेव्हां. दोन वर्षें मी तेंच करतें. या वर्षीं तूं बसणार, म्हणून तुला दाखवतें."

"सरांना सांगायचें नाहीं का?"

 दुसऱ्या तारेचा दोरा महालक्ष्मीने अलगद मागे घेतला, तार छेडली, तो परत पुढे केला. "ऐकायचें कसें, तें मला त्यांनीं शिकवलें," ती म्हणाली. "आतां त्यांनाच कसें सांगूं, कीं उंच, बारीक आवाज तुम्हांला ऐकूं येत नाहींत?"

"सर येतील मामी. लवकर करूं."

"गाडीचा आवाज कुठे आला अजून? तो ब्रेक आहे तोंवर आपल्याला भीती नाहीं. म्हणूनच तर मी म्हणतें, वाजूं दे."

रघुपतीराव खिडकीपाशी उभे राहिले.  दोन वर्षं. दोन उत्सव त्यांनी पहिल्या रांगेत बसून, टाळांच्या गजरात, तंबोऱ्याला मान डोलावली होती, आणि गाणाऱ्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्या बायकोने आरतीच्या गडबडीत चार दोरे सरकवून त्यांची अब्रू राखली होती. आत जावं आणि विचारावं, असं एकदा वाटलं. पण विचारायचं काय? जे विचारायचं ते सगळं तिने आत्ताच सांगून टाकलं होतं. आणि ते आत गेले असते तर त्या मुलीसमोर महालक्ष्मीचं तोंड कसं झालं असतं, ते त्यांना बघवलं नसतं.

त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि आवाज न करता परत गल्लीच्या तोंडाशी गेले. गाडीत बसले, दार लावलं. मग स्टिअरिंगच्या मधोमध तळहात ठेवला आणि हॉर्न वाजवला. लांबलचक वाजवला.

तुळजारामचा पेपर खाली पडला. "रघु! तूं? हॉर्न?"

रघुपतीरावांनी पुन्हा एकदा वाजवला. घरापर्यंत पोचायला हवा होता. मग ते तसेच बसून राहिले. महालक्ष्मीचा हात सराईत आहे, पण विनुता अजून नवी, चारही दोरे परत जागेवर न्यायला तिला वेळ लागेल, असा हिशोब त्यांनी केला. तेवढा वेळ त्यांनी तिला दिला आणि मग सावकाश घरी गेले.

तंबोरा कोपऱ्यात त्याच्या जागी उभा होता. विनुता जमिनीकडे बघत होती. रघुपतीरावांनी तंबोरा घेतला, चारही तारा छेडल्या. झंकार आला, अगदी सकाळी होता तसा. विनुताच्या भुवया जराशा जवळ आल्या आणि लगेच सरळ झाल्या. याआधी त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं, कारण ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे.

"जा बाळा, आंत कॉफी असेल, घेऊन ये," ते म्हणाले. विनुता आत गेली.

"ब्रेकचें काय झालें?" महालक्ष्मीने विचारलं.

"झाला दुरुस्त."

"आणि हॉर्न कशाला मारलांत? तुम्हीं तर कधीं मारत नाहीं."

"ब्रेक आतां वाजत नाहीं," रघुपतीराव म्हणाले. "मग मी आलों तें तुम्हांला कळणार कसें?"

महालक्ष्मी त्यांच्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघरात विनुताने पेला ठेवल्याचा आवाज झाला. रघुपतीरावांनी तंबोरा आडवा करून बायकोच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या समोर बसले.  मग तिने पहिल्या तारेच्या दोऱ्यावर बोट ठेवलं आणि नवऱ्यासमोर तो मागे सरकवला. रघुपतीरावांनी डोळे मिटले नाहीत. ते तिच्या बोटाकडे बघत राहिले.